तीन मासे झाले की गळ गुंडाळायचा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर वलगणीच्या, म्हणजे पहिल्या पावसात नदीतून शेताकडे चढणाऱ्या, माशांचा फोटो आला होता. गुडघाभर गढूळ पाण्यात पोरं उभी, एकाच्या हातात सिमेंटची गोणी आणि ती तोंडापर्यंत मासळीने भरलेली, खाली खवय्यांची चंगळ वगैरे काहीतरी लिहिलेलं. फोटो मस्त होता, खोटं कशाला बोलू, बघून तोंडाला पाणी सुटलं, मी रोह्याचा माणूस आहे, पहिला मोठा पाऊस पडला की आमच्याकडे लहान मोठं सगळं बॅटऱ्या घेऊन बांधावर असतं. पण मग चष्मा लावून नीट बघितलं तर गोणीच्या वरच्या सगळ्या मासळीची पोटं टम्म फुगलेली, गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, फुटायला आलेली, आणि मला एकदम तीन वर्षांपूर्वीचा अलास्कातला एक दिवस आठवला. बायकोला सांगायला गेलो तर म्हणाली हे मी वीस वेळा ऐकलंय, माझं डोकं खाऊ नका, पेपरवाल्यांना लिहा. म्हणून लिहितोय. लांबलंय, कापायचं तिथे कापा.

झालं असं की जूनमध्ये मुलीकडे सिएटलला गेलो होतो आणि आमचा एक कॉलेजचा मित्र गेली वीसेक वर्षं अलास्कात अँकरेजला असतो, तो दर फोनवर म्हणायचा की ये, सॅल्मन मासा गरवायला, म्हणजे गळाने धरायला, नेतो. शेवटी विमानाचं तिकीट काढलंच, दुसरा आमचा नागपूरकर न्यू जर्सीहून आला, आणि अँकरेजवाल्याची बायको, म्हणजे आमच्या वैनी, अशी चौघांची टोळी. वैनी या प्रकरणात सगळ्यात तयार निघाल्या हे आधीच सांगून ठेवतो.

पहाटे तीनला निघालो, पहाट म्हणजे नावाला, कारण जूनमध्ये तिकडे रात्र अशी होतच नाही, एकोणीस तास सूर्य आणि उरलेला वेळ नुसतं संधिप्रकाशासारखं. अँकरेजपासून रशियन रिव्हर साधारण १०० मैल, पहिला अर्धा रस्ता खाडीच्या काठाने, एका बाजूला चिखलाचं पात्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर थेट रस्त्यावर उतरलेले, टर्नअगेन आर्म म्हणतात त्या खाडीला, १७७८ साली कॅप्टन कुक रस्ता शोधत आत शिरला आणि पुढे वाट नाही म्हणून परत फिरला, म्हणून ते नाव. नागपूरकर सगळा वेळ झोपला होता त्यामुळे त्याला हे काही माहीत नाही, त्याला अजूनही वाटतं आपण डायरेक्ट नदीवर उतरलो.

रशियन रिव्हर ही छोटी नदी, स्वच्छ पाण्याची, तळाचा गोटा न् गोटा दिसतो. ती कीनाय नावाच्या मोठ्या नदीला मिळते आणि कीनाय म्हणजे हिमनदीचं पाणी, नीळ घातल्यासारखा हिरवट निळा रंग. जिथे दोन्ही मिळतात तिथे दोन्ही पाण्यांची मधली रेघ चक्क दिसते. त्या संगमाजवळ कीनाय ओलांडायला एक तर आहे, तर म्हणजे आपल्याकडे खाडीवर असते तशी होडी, पण तिला ना इंजिन ना वल्हं, वरती तारेचा दोर ताणलाय आणि होडी नुसती तिरकी धरली की प्रवाहच तिला ढकलत पलीकडे नेतो. मी दोनदा उगाच गेलो आलो असतो पण सगळे ओरडायला लागले.

अलास्का म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर निर्मनुष्य जंगल होतं. तिथे बघतो तर पहाटे साडेपाचला माणसं खांद्याला खांदा लावून पाण्यात उभी, पेणला गणपतीच्या आदल्या आठवड्यात बाजारात उभं राहायला जागा नसते तसं, कोणाचा मासा लागला की तो ‘फिश ऑन’ म्हणून बोंबलतो आणि आजूबाजूचे दहा जण आपापल्या दोऱ्या गुंडाळून वाट देतात. तिकडे याला कॉम्बॅट फिशिंग म्हणतात, म्हणजे लढाईच. आम्ही तासभर बघितलं, मग गाडी कॅम्पग्राउंडला नेली आणि नदीच्या काठाने वर चालत सुटलो, आणि वीस मिनिटांत गर्दी संपली आणि खरं जंगल लागलं. स्प्रूसची झाडं, डास असे की बोलायला तोंड उघडलं तर दोन आत, आणि ओल्या वाळूत अस्वलाचा पंजा उमटलेला, माझ्या हाताच्या दीडपट. त्यानंतर आम्ही चालताना मोठमोठ्याने बोलत होतो, अस्वलाला लांबूनच कळावं म्हणून तसं करायचंच असतं, वैनी तर मोठ्याने आरती म्हणत होत्या.

आता मासा धरायचा प्रकार सांगतो कारण तो मला फार मजेशीर वाटला. या सॅल्मनला सॉकाय म्हणतात, स्थानिक लोक नुसतं रेड म्हणतात. हा समुद्रात बारीक प्लवक आणि झिंग्यासारखे जीव खाऊन वाढतो, त्यानेच मांस असं लालभडक होतं, आणि नदीत शिरला की खाणं बंद, एकादशीपेक्षा कडक. त्यामुळे आमिष लावून उपयोग नाही, आणि तिथे आमिष लावायला परवानगी पण नाही. एकच गळ, त्याला पिसाचा गोंडा बांधलेला, गळाचं टोक आणि दांडी यातलं अंतर ३/८ इंचापेक्षा जास्त नको, म्हणजे फार तर साडेनऊ मिलिमीटर. गळाच्या वर, कमीत कमी १८ इंच अंतर सोडून, शिसं. ते समोर वरच्या अंगाला टाकायचं आणि तळाला टिकटिक घासत खाली येऊ द्यायचं, संपलं की परत उचलून टाकायचं, रॉड फिरवायचा नाही, नुसतं पलटी मारत राहायचं. मासा काठाला धरून चढत असतो, श्वास घ्यायला तोंड उघडतो मिटतो, त्यात दोरी अडकते आणि सरकत सरकत गळ जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. म्हणजे मासा काही फसत नाही हो, तो बिचारा आपल्या वाटेने चाललेला असतो. पहिल्या अर्ध्या तासात माझा खांदा गेला आणि मिळाली दोन झाडाची मुळं.

मग लागला. लागला म्हणजे काय, रॉड हातातून जातोय की काय असं झालं, तीनेक किलोचा चंदेरी मासा पाण्याबाहेर सपकन वर आला, परत आत, खालच्या बाजूला सुसाट, मी त्याच्या मागे गोट्यांवरून धडपडत, ती छातीपर्यंतची रबरी पँट घातलेली, त्यात एका बाजूने बर्फाचं पाणी शिरलेलं, पण मला शुद्ध नाही. दहा मिनिटांनी काठाला आणला. वैनी जाळी घेऊन उभ्या होत्या, खाली वाकल्या आणि म्हणाल्या, भावजी, पाठीच्या पराला लागलाय, तोंडात नाही, सोडा.

मी म्हटलं आता? बाजूला कोणी नव्हतं. अर्धा मैल तरी माणूस नव्हता. अँकरेजवाला शांतपणे म्हणाला, तोंडात लागला तरच आपला, बाकी कुठेही लागला तर ताबडतोब सोडायचा, नियम आहे. मी म्हटलं कोण बघतंय, आणि संपादक साहेब, त्या नवरा बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मला आमच्या मराठी शाळेतले मास्तर आठवले. त्यांनी पक्कड घेऊन गळ सोडवला, मासा पाण्यातच धरून तोंड प्रवाहाकडे केलं, तो दोन सेकंद तसाच राहिला, कल्ले हलले, आणि शेपटी मारून माझ्याच तोंडावर पाणी उडवून गेला. असे माझे त्या दिवशी चार सुटले. धरून ठेवण्याजोगे लागले तीन.

आणि तीनच ठेवायचे होते. आम्ही गेलो त्या दिवशी लिमिट माणशी तीन. तिसरा झाला की गळ गुंडाळायचा, दुसऱ्याच्या नावावर धरत बसायचं नाही. नागपूरकराचे दोन झाले होते आणि तिसरा चांगला तोंडात लागलेला, काठावर आणायचाच बाकी, तेवढ्यात समोरच्या काठावर झुडपं हलली आणि एक तपकिरी अस्वल बाहेर आलं. घाईत नव्हतं. वाण्याच्या दुकानात नेहमीचं गिऱ्हाईक येतं तसं आलं, पाण्यात दोन पावलं टाकली आणि मासा जिथे फडफडत होता तिकडे कान केले. अँकरेजवाला म्हणाला, दोरी काप. नागपूरकर म्हणाला, अरे पण. वैनींनी पुढे होऊन कात्रीने कापली सुद्धा. तिकडे तसंच करायला सांगतात, गळाला लागलेला मासा फडफडला की अस्वलाला ती जेवणाची घंटाच वाटते, एकदा त्याला कळलं की माणसाकडे मासा मिळतो की ते अस्वल दर माणसाकडे यायला लागतं आणि मग शेवटी गोळी खाऊन मरतं. आम्ही पिशव्या उचलल्या, अंगाला धरल्या, आणि सगळे मिळून हळूहळू मागे. तिकडे डबा, पिशवी, धरलेले मासे, काही म्हणजे काही लांब ठेवून चालत नाही, हाताच्या अंतरावर पाहिजे. अस्वलाने पाच मिनिटं वास घेतला, काही मिळेना म्हणून वर निघून गेलं. नागपूरकर अजून त्या माशाचं वजन वाढवत असतो, शेवटचं ऐकलं तेव्हा सहा किलो झालं होतं.

मासे साफ केले तेव्हाची गोष्ट मला खरी सांगायची आहे. साफ करायचे म्हणजे काटा डोकं तसंच काठावर टाकायचं नाही, त्याचे बारीक तुकडे करून खोल वाहत्या पाण्यात भिरकवायचे, तशी चित्रं काढून पाट्याच लावल्यात, परत अस्वलासाठीच. मी माझ्या दुसऱ्या माशाचं पोट फाडलं आणि आत गाबोळी. दोन लांबट पट्टे, केशरी, घट्ट, एकेक दाणा ज्वारीएवढा पण झालेला नव्हता. वैनी म्हणाल्या, टाकू नका हां, तळायची आहे. मी हातात घेतली आणि म्हटलं किती असतील, अँकरेजवाला म्हणाला एका मादीत दोन ते चार हजार.

मला आमचं वलगण आठवलं. बाबांचा पाग होता, म्हणजे फेकायचं जाळं, शिशाच्या मण्यांचं, खांद्यावर टाकून निघायचे आणि मी मागे कंदील घेऊन. पहिल्या पावसाचं पाणी शेतातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत असं उतरायला लागलं की मळ्ये, शिवडे, शिंगटी, वाम असं सगळं उलटं चढायला लागतं, नदीतून ओढ्यात, ओढ्यातून शेतात, तिथल्या उथळ पाण्यात अंडी घालायला. म्हणजे काम तेच, जे सॅल्मन करतो, फक्त तो हजार मैलावरून येतो आणि आमचा शिवडा कुंडलिकेतून आमच्या शेतात. आणि आम्ही बांधाच्या त्या एका खिंडीत उभं राहून सगळे धरायचो. पोटूशी असते म्हणूनच त्या मासळीला चव, हे आम्ही अभिमानाने सांगायचो. एका रात्री दोन डालगी भरून आणल्याचं मला आठवतं आणि सकाळी अर्धी शेजाऱ्यांना वाटून पण उरली आणि खराब झाली म्हणून आईने नारळाच्या बुंध्यात पुरली. पुरली हो. कोणाला काही वाटलं नाही. मी आठवीत असेन.

तीन झाल्यावर दुपारी दोनलाच आमचं काम संपलं म्हणून रॉड गुंडाळले आणि वर धबधबा बघायला गेलो. वाटेत नदीकाठी एक खुणेची पाटी लागते, धबधब्याच्या ६०० यार्ड खाली, तिच्यावर गरवायलाच बंदी. तिथून वर मासा मोकळा. धबधबा म्हणजे ताम्हिणीसारखा उंच नाही, खडकांच्या पायऱ्यांवरून फेसाळत उतरणारं पाणी, आणि त्याच्या खाली एका काळ्या डोहात शेकडो सॉकाय एकाच दिशेला तोंड करून उभे. थोड्या थोड्या वेळाने एक सुटायचा आणि उडी. बरेचसे खडकावर आपटून खाली. एक मासा मी मोजला, सात वेळा पडला, आठव्यांदा वर गेला आणि नागपूरकराने शिट्टी मारली. हे वर चढून काय करतात तर तळ्यात आणि वरच्या ओढ्यांत पोचतात, लाल होतात, डोकं हिरवं होतं, अंडी घालतात आणि मरतात, सगळे, परत कोणी समुद्रात जात नाही. पिल्लं तळ्यात एक दोन वर्षं काढून समुद्रात उतरतात आणि मोठी झाली की त्याच पाण्याच्या वासावर परत इथेच.

त्या धबधब्याच्या अजून वर, लोअर रशियन लेकच्या तोंडाशी, सरकारी खात्याने नदीत कुंपण घातलंय आणि तिथून वर जाणारा मासा मोजतात. आपण जनगणना करतो तशी. जूनच्या या पहिल्या लोंढ्यासाठी त्यांनी आकडा ठरवलाय, २२,००० ते ४२,००० मासे वर पोचले पाहिजेत. कमी पोचतायत असं दिसलं तर हंगामाच्या मधेच गरवणं बंद, जास्त आले तर लिमिट वाढवतात. म्हणजे माझे तीन मासे कुठल्या साहेबाच्या मनात आलं म्हणून तीन नव्हते, वर किती गेले ते बघून ठरलेले तीन होते. अलास्काच्या राज्यघटनेतच लिहिलंय की मासळी, जंगल हे असं वापरायचं की ते टिकून राहील, आणि घटना मंजूर करतानाच लोकांनी मतदान करून मोठ्या कंपन्यांचे सॅल्मन धरायचे सापळे बंद केले, कारण त्या सापळ्यांनी नद्याच्या नद्या रिकाम्या केल्या होत्या. १९५९ ला राज्य झालं. त्यांनी आधी खाऊन संपवत आणलं आणि मग शहाणे झाले हे पण खरं आहे, उगाच गोऱ्यांची आरती ओवाळत नाही मी.

आणि तिथे सगळं छान चाललंय असंही नाही. त्याच कीनाय नदीत १९८५ मध्ये ९७ पौंडांचा किंग सॅल्मन, म्हणजे सॅल्मनमधली सगळ्यात मोठी जात, धरला होता, गळाने धरलेल्यातला जगातला सगळ्यात मोठा, आणि आज तोच किंग इतका कमी झालाय की अलीकडे त्याचं गरवणं बंदच असतं. युकॉन नदीवर तर २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडाने करार करून किंग सात वर्षं धरायचाच नाही असं ठरवलं. तिथली मूळची लोकं पिढ्यान् पिढ्या तो मासा सुकवून हिवाळा काढायची, आपल्याकडे सुक्या बोंबलावर पावसाळा काढतात तसं, त्यांच्या वाळवणाच्या मांडवांवर आता काही नाही. मोजून सुद्धा मासा वाचतोच असं नाही. पण निदान गेला कधी ते त्यांना माहीत असतं. आमच्या ओढ्यातला खवल कधी गेला, मला नाही सांगता येत. होता. मग नव्हता.

संध्याकाळी अँकरेजला स्वयंपाकघरात वेगळंच युद्ध. वैनींनी कोकमाचं आगळ, हळद, मसाला लावून रव्यात तळला, चव चांगली पण मासा इतका तेलकट की तव्यात स्वतःच्याच तेलात पोहत होता. नागपूरकराने हट्टाने सावजी रस्सा केला त्यात तुकडे विरघळून गेले आणि रस्सा मात्र झाला झणझणीत. अँकरेजवाल्याने नुसतं मीठ आणि थोडा गूळ लावून आल्डरच्या लाकडाच्या धुरावर ठेवला, तो सगळ्यात भारी, पण हे वैनींसमोर बोललो नाही. जाता जाता एक, मुंबईत हॉटेलवाले मेनूकार्डावर रावसाला इंडियन सॅल्मन लिहितात ना, त्याचा आणि सॅल्मनचा काही एक संबंध नाही, रावस आपल्या जागी राजा आहे, त्याला कशाला दुसऱ्याचं आडनाव.

तर सांगायचं ते हे. समुद्रात आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ती सगळ्यांना पाठ आहे. पापलेटला राज्यमासा केलं, ५४ जातींचे किमान आकार ठरवले, किती पाळतात ते सोडा, पण कागदावर आहे. मात्र बरोबर त्याच दिवसांत नदीतला मासा आमच्या बांधावर अंडी घालायला येतो आणि त्याच्यासाठी आम्ही बॅटऱ्या घेऊन उभे, आणि तुमच्याकडे फोटो.

मला कातकरी बाई खोईन, म्हणजे मासे धरायचा बांबूचा सापळा, लावून शेरभर मासळी नेते तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही. तिचं आठवड्याचं कालवण आहे ते आणि तिच्या पिढ्या तेच करत आल्यात, मासा तिने संपवला नाही. मला बोलायचंय ते शनिवारी शहरातून गाड्या घेऊन येणाऱ्यांबद्दल, गोण्या भरून स्टेटस टाकणाऱ्यांबद्दल, आणि त्यांच्यात माझे भाचे पण आहेत. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीचा शॉक देऊन, नाहीतर ब्लीचिंग पावडर टाकून आख्खा डोह साफ करणाऱ्यांबद्दल, त्यात पिल्लूसुद्धा उरत नाही. पाण्यात सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारायला बंदी करणारा कायदा इंग्रजांनी १८९७ सालीच केलाय, आमच्या गावात तो कोणी ऐकल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

सरकारने लगेच कुंपण घालून शिवडे मोजावेत असं मी म्हणत नाही, लोक हसतील. पण पहिलं पाणी चढल्यावर आठ दिवस बांधावर कोणी मोठं जाळं लावायचं नाही एवढं ग्रामसभेत ठरवता येतं, आमच्या शेजारच्या वाडीत देवाच्या डोहातला मासा कोणी धरत नाही तो कुठल्या कायद्याने, आणि तिथे हातभर लांबीचे मासे आहेत. आणि तुम्ही पुढच्या जूनला वार्ताहर पाठवाल तेव्हा त्याला गोणीचा फोटो काढायच्या आधी बांधावरच्या कोणा म्हाताऱ्याला विचारायला सांगा की तुमच्या लहानपणी इथे अजून काय काय चढायचं. ती यादी छापा, एवढीच विनंती.

बाबांचा पाग अजून आमच्या पडवीत खुंटीला आहे. या वर्षी पाऊस झाला त्या रात्री मी बांधावर गेलो पण तो काढला नाही, नुसती बॅटरी मारून बघत बसलो, तासाभरात अकरा शिवडे गेले वर, मग पाय आखडले म्हणून उठलो. बायको म्हणते वापरायचा नसेल तर पाग डब्यात भरून ठेवा, उंदीर कुरतडतायत.

आपला एक जुना वाचक,
रोहा, जि. रायगड